श्रमदान पुरे झालं, आता वाटणीचं बोला

कोरडवाहू

मी मूळचा माण तालुक्यातला, पोटासाठी पुण्यात. 2018 च्या 1 मेला वॉटर कपच्या (पाणी फाउंडेशनची गावागावांतली पाणलोटाच्या कामांची स्पर्धा) महाश्रमदानाला गावाकडं गेलो होतो. पहाटे टिकाव, घमेल्यांची साखळी, हलगी, वर पिठलं-भाकरी. दुसऱ्या दिवशी हाताला फोड. त्या वर्षी आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीनं पहिला नंबर काढला तेव्हा छाती फुगली होती. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे 'एसीत बसून टीका सोपी असते' हे कुणाला टंकत बसावं लागणार नाही.

तरी माझं मत असं की पाणलोटासाठी फुकटचं श्रमदान मागणं आता बंद करावं. डोंगरउतारावर पाणी अडवायचे चर खणायचे तर रोजगार हमीतून मजुरी देऊन खणा. हौशी माणसांनी कुणीच करत नाही ते काम घ्यावं: विहिरींची पातळी मोजायची, गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि ग्रामसभेत उभं राहून विचारायचं, "पाटील, तुमचा ऊस किती?"

जाडाभरडा हिशेब. मुरमात गडी दिवसाला घनमीटरभर खणतो. चर एकदा भरला की हजार लिटर. पावसाळ्यात दहा वेळा भरला आणि सगळं पाणी मुरलं असं मोठ्या मनानं धरू. झाले दहा हजार लिटर. एक हेक्टर ऊस पाटपाण्यावर वर्षाला दोन कोटी लिटरच्या आसपास पितो. म्हणजे दोन हजार माणसांचा एकेक दिवस एका बागायतदाराच्या अडीच एकरात गेला. मग हलगी कुणासाठी वाजवली?

बांधावरची

हिशेब छान, पण सोयीचा. तुमचा चर पहिल्याच दिवाळीला मोडीत निघतो का? गाळ काढत राहिलं तर सात-आठ वर्षं सहज चालतो. मग भागा की दोन हजाराला आठानं!

मी कोरेगाव तालुक्यातली. 2016 ला वॉटर कप पहिल्यांदा झाला तेव्हा तीनच तालुके होते: वरूड, अंबाजोगाई आणि आमचं कोरेगाव. त्या वर्षी वेळू पहिलं आलं. आमचं गाव कुठंच आलं नाही, पण माझं लग्न होऊन आल्यापासून ज्या दोन भावक्या एकमेकींकडचा चहा पीत नव्हत्या, त्या त्या उन्हाळ्यात एका चरात उभ्या होत्या.

आणि रोजगार हमीचं कौतुक मला सांगू नका. आमच्या डोंगरावर त्या योजनेतले जुने चर होते. मजुरी मापावर, म्हणून जिथं माती मऊ तिथं खणलेलं, उतार-बितार कुणी बघितला नाही. पहिल्या वळवाला फुटले आणि खालच्या रानात घळ पडली. श्रमदानाच्या वेळी आम्ही बायकांनी स्वतः हायड्रोमार्कर (पाण्याच्या नळीचं पातळी मोजायचं साधन) लावून समपातळी काढली, फक्कीनं रेघ मारली, मग खणलं. एका रेषेत पाणी उभं राहिलेलं बघितलं की काय वाटतं ते मजुरीच्या कागदावर येत नाही. स्वतः खणलेल्या चराचा गाळ माणूस पुढच्या वर्षी स्वतः काढतो. निदान आम्ही तीन वर्षं काढला.

अधिक_मास

आणि चौथ्या वर्षी?

बांधावरची

चौथ्या वर्षी कोरोना आला. नंतर कुणी गेलं नाही, खरं आहे. टोमणा मिळाला.

मांजऱ्या

भूजलाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून खडकाचं थोडं सांगतो. हे कुठल्याच पोस्टरवर नसतं.

आपल्या देशावरचा बेसाल्ट म्हणजे स्पंज नव्हे. वरचा मुरूम आणि भेगाळलेला, सच्छिद्र मांजऱ्या यांत पाणी मावतं. खाली घट्ट काळा पाषाण लागला की संपलं. एक घनमीटर खडकात साधारण एक ते तीन टक्के जागा, म्हणजे दहा-तीस लिटर. ही घागर चांगल्या पावसात ऑगस्टमध्येच भरते. मग कितीही चर खणा, पाणी ओढ्याला लागतं. उलट पावसानं महिनाभर दडी मारली तर पाणी जिरवायला ओढ्यात पाणीच नसतं. विहिरी दिवाळीत तुडुंब आणि मार्चला तळ दिसतोय, याचं कारण डोंगरावर नसतं, मोटरच्या बटणावर असतं.

तेव्हा कोरडवाहूंचा रोख पटतो. मात्र चर फक्त पाण्यासाठी नसतात. 'माथा ते पायथा' हा क्रम माती धरून ठेवण्यासाठी आहे. माथ्यावरचे चर, दगडी बांध, गवत सोडून थेट खाली सिमेंटचा बंधारा बांधला तर दोन पावसाळ्यांत तो गाळानं भरतो. पोकलेन लावून ओढे वारेमाप खोल केले त्याचं तर नाव काढू नका. ओढा म्हणजे गटार नव्हे. काही ठिकाणी खोल ओढ्यानं कडेच्या विहिरींचंच पाणी ओढून घेतलं. जलयुक्त शिवार या राज्य सरकारच्या योजनेवर 9,600 कोटींहून जास्त खर्च झाला आणि 2020 मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं लिहिलं की भूजल पातळी वाढण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. टिकावानं निदान एवढं नुकसान होत नाही. माणूस दमतो आणि थांबतो.

दोन_घमेली

इथं सगळे रानवाले दिसतात. माझ्या घरात गुंठाभर जमीन नाही.

त्या पंचेचाळीस दिवसांत, 8 एप्रिल ते 22 मे, माझी आई रोज पहाटे श्रमदानाला जायची आणि आठ वाजता तिथूनच दुसऱ्याच्या रानात खुरपायला. पाणी आलं. कुणाच्या विहिरीला? ज्याला विहीर आहे त्याच्या. त्यानं पुढच्याच वर्षी अनुदानावर शेततळं घेतलं, प्लास्टिकचा कागद अंथरला आणि विहिरीतलं पाणी उपसून त्यात भरून ठेवलं. ते पाणी डोंगरावरून आईच्या घमेल्यामुळं खाली आलेलं, आता तारेच्या कुंपणात.

पुरंदरमधल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत काढली, तिचे नियम पुन्हा वाचा. पाणी जमिनीवर नाही, माणशी मोजायचं: माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हक्क. ऊस बंद. पन्नास वर्षं झाली. नंतरच्या कुठल्या स्पर्धेत 'भूमिहीनाला पाण्याचा वाटा' याला गुण होते, कुणी सांगेल का?

आईला विचारलं तर ती असलं काही बोलत नाही. म्हणते, "हंडा जवळ आला, टँकरमागं पळणं गेलं, कांद्याची कामं वाढली." हे पण लिहितो, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल.

वरचा_आळीकर

कोरडवाहू, 'मजुरी देऊन खणा' म्हणणं सोपं आहे. 2024-25 ला रोजगार हमीचा दर होता 297 रुपये, तेही खात्यावर कधी पडतील त्याचा नेम नाही. कांदा काढणीला गेलं तर संध्याकाळी त्याहून जास्त हातात. येणार कोण?

दुसरं म्हणजे, तुम्ही श्रमदान आणि वाटणी असं एकमेकांविरुद्ध लावलंय. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाऊस आमच्याएवढाच, चारशे मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवार 1989 ला सरपंच झाले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे सगळं आदर्श गाव योजनेत होतंच. त्यावर गावानं शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी बंद केली आणि दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवायला लागले. बोअर बंद करायला सांगणारा माणूस आधी आपल्याबरोबर चरात घाम गाळताना दिसलेला असावा लागतो. नुसता वही घेऊन पुण्याहून आला तर आमच्याकडं चहा मिळेल, ऊस किती ते कुणी सांगणार नाही.

कोरडवाहू

आठानं भागायचं राहिलं, मान्य. हिशेब सुधारतो: अडीचशे माणसं. तरी हलगीवाला प्रश्न आहे तिथंच आहे.

वरचा आळीकर, घामाशिवाय शब्दाला वजन नाही, हे पटलं. पण हिवरे बाजारचं नाव घेतलं की मला भीती वाटते. तीस-पस्तीस वर्षं एकच गाव उदाहरणाला का लागतं? भूजलाचा कायदा 2009 चा आहे, अधिसूचित क्षेत्रात खोल बोअर आणि जास्त पाणी पिणारी पिकं यांवर बंधनं घालायची सोय त्यात आहे. आमच्याकडं बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळी सरपंचाच्याच रानात उभी दिसते.

दोन घमेली, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. धाग्याचा मथळा तुम्ही लिहायला हवा होता.

अधिक_मास

ते विहिरी मोजायचं नक्की कसं असतं? टेपला दगड बांधून सोडायचा का?

मांजऱ्या

तसंच. दगड पाण्याला टेकला की आवाज येतो, तिथंच टेप धरून आकडा वाचायचा. कठड्याची उंची वजा करायला विसरू नका. पावसाळा संपल्यावर एकदा आणि मे अखेरीस एकदा, दरवेळी त्याच विहिरी. मोटर बंद होऊन रात्र गेलेली असली पाहिजे, नाहीतर आकडा खोटा.

वरचा_आळीकर

कोरडवाहू, माण म्हणजे आमचाच तालुका. दिवाळीला टेप घेऊन या. विहिरी कुणाच्या कुठं आहेत ते मी दाखवतो. उसाचं तेवढं तुम्ही विचारा, माझी तिकडं सोयरीक आहे.