कोअ‍ॅक्सिअल केबल: कवचाच्या आतलं चुंबकीय क्षेत्र चुकतंय

सेकंडइयरवाली: आतली तार १ मिमी त्रिज्येची, बाहेरचं कवच ४ ते ५ मिमी. दोन्हींत १० अँपिअर, दिशा उलट. मध्यापासून २ मिमीवर १ मिलिटेस्ला बरोबर आलं. पण ४.५ मिमीवर माझं उत्तर ०.२१, पुस्तकात ०.२३ मिलिटेस्ला. तीनदा केलं. कुठे चुकतेय?

जुना_वायरमन: ताई, तुम्ही फक्त कवचाचा वाटा धरलात. ४.५ मिमीच्या वर्तुळात आतली तारही आहेच ना! तिचे पूर्ण १० धरा. कवचाचं वर्तुळात आलेलं क्षेत्रफळ (२०.२५ − १६) भागिले (२५ − १६), म्हणजे ०.४७२; तेवढे ४.७२ अँपिअर उलटे, ते वजा करा. उरले ५.२८. आता २×१०⁻⁷ × ५.२८ ÷ ०.००४५ करून बघा.

सेकंडइयरवाली: आलं, ०.२३! पण केबलच्या बाहेर शून्य, हे मनाला पटत नाही. आत एवढा प्रवाह असताना?

जुना_वायरमन: क्लॅम्प मीटर (वायरीभोवती लावून प्रवाह मोजणारा) मिळाला तर इस्त्रीच्या अख्ख्या वायरभोवती लावा: जवळपास शून्य. मग फेज एकटी पकडा, चार-पाच अँपिअर दिसतील. जाणारा आणि येणारा एकमेकांना खातात. घरातली आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) याच्यावरच चालते. गळती होऊन तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की ट्रिप. मी नव्या पोरांना आधी हेच दाखवायचो, सूत्र नंतर. वायर सोलायला मात्र जाऊ नका, सुट्या वायरींचं एक्स्टेन्शन प्रयोगशाळेत मागा.

लॅबमधला: एक भर. इस्त्रीच्या वायरी शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे अगदी जवळ थोडं क्षेत्र उरतंच. कोअ‍ॅक्सिअलमध्ये अक्ष एकच, म्हणून बाहेर पूर्ण शून्य.