गोवा फाइव्हज: संघ होता की नुसतं पोस्टर?

डावखुरा:
२०१६ च्या जुलैतली प्रीमियर फुटसाल लीग आठवते का कुणाला? फुटसाल म्हणजे इनडोअर कोर्टवरचा पाच-पाच जणांचा फुटबॉल. सहा शहरांचे सहा संघ, प्रत्येकाच्या नावामागे 'फाइव्हज', त्यात आपला गोवा फाइव्हज. १५ ते २४ जुलै, दहा दिवसांत सगळं आटोपलं. आधी चेन्नई, मग म्हापशाचं पेडे स्टेडियम.

आपल्याकडे ब्राझीलचा स्टार रोनाल्डिनो होता. बेंगळुरूला ७-२ ने लोळवलं, त्यातले पाच गोल त्याच्या एकट्याचे. पण ती मॅच चेन्नईत! लीग गोव्यात येण्याआधीच साहेब रिओ पॅरालिम्पिकच्या कामासाठी ब्राझीलला परत. म्हणजे गोव्याच्या संघातला सगळ्यात मोठा खेळाडू संघासाठी गोव्यात एक मिनिटही खेळला नाही. २०१७ ला लीग पुन्हा भरली तेव्हा गोवा यादीतच नव्हता, आणि रोनाल्डिनो दिल्ली ड्रॅगन्सकडे.

याला संघ म्हणायचं? माझ्या मते पोस्टर.

पेड्याचा_पाऊस:
साफ असहमत. मी फायनलला गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस, आत सगळ्यांच्या छत्र्या निथळतायत. मुंबई विरुद्ध कोची, गोवा नाहीच, तरी पेनल्टी शूटआउटला आम्ही उभे राहून ओरडत होतो.

आम्ही भातकापणीनंतर शेतात खेळून वाढलेले. ढेकळांवरून बॉल कुठे उडेल याचा नेम नाही. फुटसालचा बॉल लहान आणि उसळी जवळपास नाहीच. आलेला पास ते लोक पायाच्या तळव्याखाली दाबून थांबवतात आणि तळव्यानेच मागे ओढतात. हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. पुढचे कितीतरी दिवस आमच्या पडवीत तेच चाललं होतं, आई वैतागली. पोस्टर बघून हे होत नाही हो.

हिशेबनीस:
@पेड्याचा_पाऊस, खेळ छान आहे यावर वाद नाही, प्रश्न संघाचा आहे. पडवीत शिकलात, पुढे खेळलात कुठे? रोनाल्डिनोच्या जागी काफू आणला. २००२ चा विश्वविजेता कर्णधार, पण तेव्हा वय ४६. गोव्यातल्या पोरांसाठी अकादमी, वयोगटाचे संघ, काहीतरी मागे उरलं का?

त्याच वर्षी जूनमध्ये गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब महासंघाच्या आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल लीगमधून बाहेर पडले, पाठोपाठ धेंपो. घरचे क्लब बंडाच्या पवित्र्यात आणि आपण पाहुण्यांच्या सेल्फीत!

रेफ्री_काका:
सगळं खापर आयोजकांवर नको. भारतीय फुटबॉल महासंघाने लीग अनधिकृत ठरवली, पण स्वतः तेव्हा काय केलं? त्यांची फुटसाल क्लब स्पर्धा सुरू झाली ती थेट २०२१ ला, दिल्लीत. राष्ट्रीय संघ मैदानात उतरायला २०२३ उजाडलं. स्वतः शिजवायचं नाही आणि दुसऱ्याने चूल पेटवली की पाणी ओतायचं.

हिशेबनीस:
काका, चूल पेटवायला परवानगी लागते हे त्यांना आधीच माहीत होतं. पोर्तुगालच्या माजी फुटबॉलपटू फिगोला अध्यक्ष केलं, कोहलीला जाहिरातीत घेतलं, फक्त महासंघाशी जुळवून घेतलं नाही. दोनच हंगामांत गाशा गुंडाळला. दुसऱ्या वर्षीची फायनल तर दुबईत. कसली प्रादेशिक अस्मिता?

कोथरूडकर:
लीगमुळे की कसं ते सांगता येणार नाही, पण आज आमच्याकडे जाळी लावलेल्या टर्फवर रात्री बारालाही स्लॉट मिळत नाही. पाच-पाच जण तर तिथेही खेळतातच.

रेफ्री_काका:
टर्फ म्हणजे फुटसाल नव्हे! फुटसालला भिंत नसते, बॉल बाजूच्या लाइनबाहेर गेला की किक-इन, म्हणजे लाइनवरून पायाने बॉल आत. एका हाफमध्ये सहावा फाउल केलात की समोर अडवायला खेळाडूंची वॉल न लावता फ्री किक. तुमच्या टर्फवर फाउल मोजतं कोण?

डावखुरा:
कोण मोजणार, ज्याचा बॉल तो रेफ्री :)

पडवीवाला मुद्दा मान्य, तो खेळाच्या खात्यात. संघाबद्दल मत तेच. काफू आणि रोनाल्डिनो सोडून गोवा फाइव्हजमधल्या गोव्याच्या एका खेळाडूचं नाव सांगा. गूगल न करता.

पेड्याचा_पाऊस:
…थांबा, भावाला फोन लावतो.