उत्तर: कोडी 18 वरून थेट 21?
कोडी या मीडिया प्लेअरच्या 18 व्या आवृत्तीवरून थेट 21 टाकलं तर लायब्ररी (म्हणजे तुमच्या सिनेमा-मालिकांची यादी) उडेल का, असं विचारलंय तुम्ही. सहसा नाही. नवी आवृत्ती जुन्या डेटाबेसवरून स्वतःची वेगळी फाइल बनवते, जुनी तशीच राहते. पहिल्यांदा उघडताना वेळ लागतो, तेव्हा धीर धरा (मी मध्येच बंद केलं आणि सगळं पुन्हा स्कॅन करत बसलो!).

खरी गोची अ‍ॅड-ऑनची. कोडीला जोडायचे हे छोटे प्रोग्रॅम बहुतेक पायथन भाषेत लिहिलेले असतात; 2021 मध्ये आलेल्या 19 पासून पायथन 2 गेलं, पायथन 3 आलं. कुणी न सांभाळलेली जुनी अ‍ॅड-ऑन चालणारच नाहीत. कोडीची सेटिंग्ज आणि लायब्ररी ज्यात असते त्या युजरडेटा फोल्डरची प्रत मात्र आधी काढून ठेवा. दोन मशीनवर एकच मायएसक्यूएल लायब्ररी (नेटवर्कवरच्या डेटाबेसमध्ये ठेवलेली सामाईक) असेल तर दोन्ही एकदमच अपग्रेड करा, नाहीतर एकीकडे पाहिलेलं दुसरीकडे न पाहिलेलंच दिसेल.