१८६० साली लिंकन हरले असते तर? जर-तरचा पट मांडताना हिशोब कुठे अडतो?

अंत्रुजकर
फोंड्याच्या वाचक कट्ट्यासाठी जर-तरचा एक खेळ तयार करतोय. कॉलेजची वीसेक मुले, दोन तास, फळ्यावर राज्यांचा तक्ता. विषय अमेरिकेतली १८६० ची अध्यक्षीय निवडणूक. रिपब्लिकन लिंकनना देशभरात ४० टक्क्यांहून किंचित कमी मते, बाकीची डग्लस (उत्तरेकडचे डेमोक्रॅट), ब्रेकिनरिज (दक्षिणेकडचे डेमोक्रॅट) आणि बेल (तिसऱ्या पक्षाचे) या तिघांत फुटलेली. माझी मांडणी अशी: एप्रिलच्या चार्ल्सटन अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्ष फुटत नाही, तिघांची मते एकाच्या पारड्यात पडतात, लिंकन हरतात, यादवी युद्ध टळते. मतांची फाटाफूट म्हणजे काय हे गोव्यातल्या मुलांना वेगळे शिकवायला नको, म्हणून हा विषय घेतला. पण तक्त्यावर बेरीज केली तर लिंकन तरीही जिंकतायत! बेरीज चुकतेय की कल्पनाच? आणि त्या शतकातली दुसरी एखादी निवडणूक या कामाला बरी पडेल का?

कुशावती
बेरीज बरोबर आहे. मते देशभराची नाही, राज्यागणिक मोजायची. सत्तरीत जादा पडलेली मते सासष्टीत कामाला येत नाहीत, तसेच हे. राज्यात पुढे राहील त्याला सहसा त्या राज्याची सगळी निर्वाचक मते, म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची मते, मिळतात. लिंकनना ३०३ पैकी १८० निर्वाचक मते होती, बहुमत १५२ ला. तिन्ही विरोधकांची मते प्रत्येक राज्यात एकत्र केली तर कॅलिफोर्नियाची ४, ओरेगॉनची ३ आणि न्यू जर्सीतली ४ एवढीच हातची जातात. उरतात १६९. जिंकलेल्या बाकीच्या राज्यांत लिंकनकडे मुळातच निम्म्याहून जास्त मते होती, तिथे विरोधक एक झाले काय नि फुटले काय.

हात घालायचा तर न्यू यॉर्कला. ३५ निर्वाचक, आणि तिथे विरोधकांनी संयुक्त यादी उभी केलीच होती. लिंकन सुमारे ५०,००० मतांनी पुढे राहिले. मत फिरले की एकाचे उणे आणि दुसऱ्याचे अधिक होते, म्हणून २५ हजारांहून थोडी जास्त मते फिरवली की पुरे. नवखा माणूस हटकून पूर्ण ५० हजार फिरवतो आणि मग 'हे अशक्यच' म्हणून सोडून देतो.

३५ गेली की लिंकन १४५ वर. बहुमत कुणालाच नाही, निवड प्रतिनिधिगृहात (संसदेच्या खालच्या सभागृहात) जाते. बाराव्या घटनादुरुस्तीप्रमाणे तिथे पहिल्या तिघांतूनच निवडायचे, एका राज्याला एक मत. न्यू यॉर्कच्या भल्यामोठ्या शिष्टमंडळाला एक आणि डेलावेअरच्या एकुलत्या सदस्यालाही एक. राज्ये ३३, हवीत १७, रिपब्लिकनांच्या हाती १५.

आता सगळ्यात नाजूक जागा. ती संयुक्त यादी वाटून घेतलेली होती: १८ डग्लसचे, १० बेलचे, ७ ब्रेकिनरिजचे. तसे वाटप केले तर ब्रेकिनरिज ७९, बेल ४९, डग्लस ३०. म्हणजे लोकांच्या मतांत दुसरा असलेला डग्लस प्रतिनिधिगृहाच्या दारातच अडतो. तुम्ही आळस करून पूर्ण ३५ डग्लसला टाकलीत तर त्याची ४७ होतात, ३९ वाला बेल बाहेर जातो आणि पुढचा अख्खा डाव वेगळा होतो. फळ्यावर ही ओळ मोठ्या अक्षरात लिहा.

बार्देसचा_मास्तर
कुशावतींच्या हिशोबाला दोन पुरवण्या.

पहिली: त्या काळी सरकारी मतपत्रिका नव्हती. ज्याचा त्याचा पक्ष आपली चिठ्ठी छापून वाटायचा. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत लिंकनच्या चिठ्ठ्याच नव्हत्या, आणि दक्षिण कॅरोलिनात तर निर्वाचक विधिमंडळच निवडत असे. तेव्हा 'अलाबामात लिंकनना १० टक्के देऊन बघू' असे कुणी म्हणाले तर आधी चिठ्ठ्या कोण छापणार ते विचारा.

दुसरी: ४ मार्च १८६१ पर्यंत प्रतिनिधिगृहाचे ठरले नाही तर उपाध्यक्ष कारभार पाहणार. तो सिनेट निवडते, पहिल्या दोघांतून. इथे ते दोघे लिंकनचे जोडीदार हॅमलिन आणि ब्रेकिनरिजचे जोडीदार, ओरेगॉनचे जोसेफ लेन. ६६ सिनेटर, ३४ हवेत, बहुमत डेमोक्रॅटांचे. म्हणजे अध्यक्षपदासाठी ज्यांच्या नावाने कुणी प्रचारही केला नाही ते लेन व्हाइट हाउसमध्ये! पण लेन ब्रेकिनरिजच्या गटाचे. डग्लसवाले त्यांना मते देतीलच असे धरू नका, तिथे एका गटाला अडून बसू द्या.

राज्ये ३३ च धरा. कॅन्सस २९ जानेवारी १८६१ ला ३४ वे राज्य झाले खरे, पण त्याचे विधेयक सिनेटमध्ये पार पडले २१ जानेवारीला, दक्षिणेचे सिनेटर उठून गेले त्याच दिवशी. लिंकन जिंकलेच नाहीत तर ते उठून जातील कशाला? जर-तरमध्ये लोक नेमके इथे घसरतात. एक फांदी छाटतात आणि तिच्यावरची पाने तशीच हवेत ठेवतात. युद्ध टाळाल तर अमेरिकेचा कापूस अडल्याने आलेली मुंबईची कापसाची तेजी आणि १८६५ ची बॅकबे शेअरांची पडझडही पटावरून काढावी लागेल. मुलांना हा धागा जवळचा वाटेल.

तिळारी_काठ
दोन तासांत प्रतिनिधिगृह आणि सिनेट दोन्ही खेळवणे जमणार नाही. १८७६ घ्या. रिपब्लिकन हेझ विरुद्ध डेमोक्रॅट टिल्डन. एकूण ३६९, बहुमत १८५, टिल्डन १८४ वर अडकलेले. वादातली मते २०: लुइझियाना ८, दक्षिण कॅरोलिना ७, फ्लोरिडा ४, ओरेगॉन १. हेझना वीसच्या वीस हवी होती, टिल्डनना फक्त एक.

पाचर कुठे मारायची? कोलोरॅडो १ ऑगस्ट १८७६ ला राज्य झाले. त्याची ३ मते विधिमंडळाने ठरवली आणि ती हेझना गेली. ते राज्यपद सहा महिने लांबवा. एकूण ३६६, बहुमत १८४, आणि टिल्डनकडे नेमकी १८४. वादातली वीस कुठेही जावोत. एवढी छोटी कळ दुसऱ्या कुठल्या निवडणुकीत सापडणार नाही.

दुसरी कळ, वादातली मते कुणाची ते ठरवायला नेमलेल्या १५ जणांच्या आयोगाची. ७ रिपब्लिकन, ७ डेमोक्रॅट आणि पंधरावे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस येतील असा सगळ्यांचा अंदाज. पण जानेवारी १८७७ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांना सिनेटवर निवडून दिले, त्यांनी आयोग नाकारला, जागी रिपब्लिकन न्यायमूर्ती ब्रॅडली आले आणि प्रत्येक वाद ८ विरुद्ध ७ असा सुटला. गंमत म्हणजे डेव्हिसना निवडून देण्यात डेमोक्रॅटांचाच हात होता. मात्र डेव्हिस कोणत्याच पक्षाचे नव्हते. ते आले की टिल्डन जिंकले असे धरू नका, प्रत्येक राज्याचा वाद वेगळा मांडा.

१८२४ नको. जॅक्सन ९९, ॲडम्स ८४, आणि अध्यक्ष झाले ॲडम्स. २०१७ मध्ये काँग्रेस १७ आणि भाजप १३ चे गणित पाहिलेल्या गोव्याला यात नवल वाटणार नाही.

कुशावती
१८७६ ला माझेही मत, पण निकालानंतरचा भाग जपून. हेझनी एप्रिल १८७७ मध्ये दक्षिणेतल्या दोन राज्यांच्या विधानभवनांजवळचे केंद्राचे सैन्य, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा आधार, मागे घेतले. टिल्डन आले असते तरी त्यांनी ते बहुधा परत बोलावलेच असते. 'टिल्डन आले आणि कृष्णवर्णीयांचे हक्क वाचले' अशी कथा कुणी लिहिली तर ती खोडा.

१८४४ सुद्धा हाताशी ठेवा. न्यू यॉर्कमध्ये पोक क्लेंच्या पुढे जेमतेम ५,१०० मतांनी, आणि गुलामगिरीविरोधी बर्नींना तिथे १५,८०० च्या आसपास. ३६ निर्वाचक क्लेंना गेले तर १४१ विरुद्ध १३४. पण बर्नींची सगळी मते क्लेंना देऊ नका, त्यातले कित्येक घरीच बसले असते. निव्वळ तिसरा हिस्सा पुरतो. आणि तेव्हा देशभर एकाच दिवशी मतदान नव्हते, ते १८४८ पासून.

अंत्रुजकर
१८७६ ठरले. फळ्यावर चार रकाने: राज्य, निर्वाचक, वादाचे कारण, आयोगाचा कौल. आधी कोलोरॅडोसकट खेळू, मग ते पुसून. ओरेगॉनच्या एका मताचे कारण काय लिहू? तिथे तर हेझ सरळ जिंकले होते ना?

तिळारी_काठ
राज्य जिंकले होते, पण त्यांचा एक निर्वाचक वॉट्स पोस्टमास्तर होता. सरकारी पदावरच्या माणसाला निर्वाचक होता येत नाही. गव्हर्नर डेमोक्रॅट, त्यांनी त्याला बाद करून क्रोनिन नावाच्या आपल्या माणसाला प्रमाणपत्र दिले. रकान्यात 'पोस्टमास्तर' एवढेच लिहा, मुले आपणहून विचारतील.