लिऑनच्या आसपास शांत, चढाचे सायकल रस्ते कुठले? जूनमध्ये चाललेय

भुसावळची_चाकं

राम राम मंडळी. मुलगा लिऑनला शिकायला आहे, जूनमध्ये त्याच्याकडे जातेय, महिनाभर मुक्काम. तो दिवसभर कॉलेजात, मी काय चार भिंती बघत बसू का, म्हणून म्हटलं रोडबाईक भाड्याने घ्यायची आणि डोंगराकडे निघायचं. चढाचं वावडं नाही, तोरणमाळचा सात पायरी घाट, पाल, कन्नडचा घाट सगळं झालंय, स्पीड काही नाही पण पाय खाली टेकत नाही मी. मला कंटाळा आलाय तो गाड्यांचा. आपल्याकडे हायवेला ट्रक बाजूने गेला की हँडल हलतं आणि जीव मुठीत धरूनच चालवायचं. यूट्यूबवर बघावं तर सगळे मों व्हाँतू आणि आल्प द्युएझ या नावाजलेल्या चढांवर, तिथे नुसती जत्रा. मला असा रस्ता सांगा की तासाभरात चार गाड्या दिसल्या तर दिसल्या, चढ पाहिजे, मध्ये पाणी मिळेल असं गाव पाहिजे आणि संध्याकाळी ट्रेनने परत येता आलं पाहिजे. शाकाहारी आहे, अंडं चालतं. फ्रेंच बोंझूरच्या पुढे येत नाही.

पाटणादेवी_रायडर

ताई, कामानिमित्त मी व्हॅलाँसला राहायेल आहे, लिऑनच्या खाली ऱ्होन नदीवर, त्यामुळे हा भाग पायाखालचा. डोळे मिटून सांगतो, व्हेर्कोर. चुनखडीचं मोठं पठार आहे, चारी बाजूंनी कडे तुटलेले, वर चढायला जे रस्ते आहेत ते कड्यात कोरूनच काढलेत. त्यातला कोंब लाव्हालचा रस्ता करा, डी ७६. सँ-झाँ-आं-रोयाँ गावातून सुरू होतो आणि वर कोल द ला माशीनला पोचतो, १०११ मीटर. कोल म्हणजे खिंड. १९व्या शतकात वरच्या जंगलातलं लाकूड खाली आणायला हा रस्ता खणला, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला थेट खाली शेकडो मीटर दरी, मध्येमध्ये छोटे बोगदे. चढ मात्र बेताचा, लाकडाच्या गाड्यांसाठीच काढलेला ना, अंगावर येत नाही.

वर गेलात की जंगलातून व्हासिय-आं-व्हेर्कोर, हे गाव १९४४ साली जर्मनांनी जाळलं होतं, रेझिस्टन्सचा, म्हणजे जर्मनांविरुद्ध लपून लढणाऱ्या फ्रेंचांचा अड्डा होता तिथे, म्युझियम आहे, अर्धा तास थांबा. तिथून कोल द रुसे, १२५४ मीटर. माथ्यावर बोगदा आहे आणि खरी गंमत तिथेच, अलीकडे हिरवं, थंड, देवदारसारखी झाडं आणि बोगद्यातून बाहेर पडलं की एकदम कोरडे डोंगर, लख्ख ऊन, हवाच बदलते. मग वळणावळणाने लांबलचक उतार, खाली दी नावाचं गाव. दीला स्टेशन आहे, तिथून व्हॅलाँसला ट्रेन. म्हणजे आल्या वाटेने परत जायची भानगड नाही. सँ-झाँ ते दी साठेक किलोमीटर धरा. सँ-झाँला रेल्वे नाही, व्हॅलाँस–ग्रेनोब्ल लाईनवर सँ-इलेर-सँ-नाझेर स्टेशनला उतरून थोडं चालवत जायचं.

फक्त रविवारी जाऊ नका. रविवारी सगळ्या फ्रान्सच्या मोटरसायकली व्हेर्कोरला येतात असं वाटतं. मंगळवार-बुधवार पकडा, आणि निघायच्या आधी रस्ता चालू आहे का बघा, दरड पडली की बंद करतात.

नंदुरबारी_नाना

काय भो, सातपुडा सोडून फ्रान्स? चांदसैली घाट केला का आधी? तिथंबी गाड्या नाहीत 😄

भुसावळची_चाकं

नाना, चांदसैली केलाय. गाड्या नव्हत्या, रस्ता पण नव्हता.

बीआरएम_धुळे

पाटणादेवीभाऊंनी रूट झकास दिला, पण ताई, एकाच रूटवर महिना काढणार नाही ना तुम्ही, म्हणून स्वतः शांत रस्ता कसा शोधायचा ते सांगतो. २०२३ ला पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकल राईडला गेलो होतो, १२०० किलोमीटर, ९० तासांची मुदत, आणि त्यात डोंगर असा एकही नाही पण नुसतं वर-खाली वर-खाली करत बारा हजार मीटरच्या आसपास चढ होतो. लहान लहान गावं, रात्री दोन वाजता लोक घरासमोर टेबल मांडून कॉफी देतात, पोरं टाळ्या द्यायला हात पुढे करतात. तेव्हा कळलं की फ्रान्समध्ये शांत रस्ते ही काही दुर्मिळ चीज नाहीये, देशभर पसरलेत, आपणच नावाजलेल्या घाटांच्या मागे पळतो.

तर मिशलँचा कागदी नकाशा घ्या, मोठ्या स्केलचा, मोबाईलवर अवलंबून राहू नका. लाल रस्ते सोडून द्या, पिवळे गरजेपुरते, पांढरे आपले. पांढरा म्हणजे कच्चा नाही हां, डांबर असतंच बहुतेक, फक्त अरुंद असतो आणि गावातलेच लोक वापरतात. रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ असेल तर निसर्गरम्य, पण ती हिरवी रेघ गाडीवाल्यांना पण दिसते, त्यामुळे पिवळा अधिक हिरवा म्हणजे सुट्टीच्या दिवशी गर्दी समजा. रस्त्यावर बाणासारख्या खुणा असतात, एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे १३ च्या वर, आणि बाणाचं टोक चढाच्या दिशेने. रस्त्याचा नंबर पण बघा, डी म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, साधारणपणे डी नंतर तीन आकडे असले की रहदारी कमी.

मों व्हाँतूबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. बेदुआँकडून जत्रा आहे हे खरं, पण सो गावाकडून चढा, २६ किलोमीटर, सुरुवातीचा बराच भाग सौम्य, आणि सकाळी लवकर निघालात तर सोबतीला फक्त वारा. एवढ्या लांब जाऊन १९०९ मीटरचा तो पांढरा माथा न बघता यायचं म्हणजे…

पाटणादेवी_रायडर

बीआरएमभाऊ, ताई म्हणतात गर्दी नको आणि तुम्ही व्हाँतू सांगता. सो ला ट्रेन नाही, लिऑनहून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे सायकल कमी आणि प्रवास जास्त. त्यापेक्षा पिलाचे डोंगर सांगा ना, लिऑनच्या अगदी जवळ. लिऑनहून सँ-एतियेनच्या लोकल ट्रेनने सँ-शामोंला उतरायचं, ला व्हाला गावावरून क्रुआ द शोबुरे, १२०१ मीटर. आठशेवर मीटर चढ होतो. वर ल बेसा म्हणून गाव आहे तिथे पाणी प्यायचं, खायचं आणि उतरून सँ-एतियेनला, तिथून ट्रेन. अर्ध्या दिवसाचं काम.

आणि ताई, तुम्ही शाकाहारी म्हणून मुद्दाम सांगतो. सँ-एतियेन हे व्हेलोसिओचं गाव. खरं नाव पोल द व्हिव्ही, १८५३ ते १९३०, सायकलला गिअर असले पाहिजेत म्हणून आयुष्यभर भांडला, लोक तेव्हा गिअरला कमजोरांचं काम म्हणायचे. पक्का शाकाहारी, आणि सायकलवाल्यांना सांगायचा की निदान रस्त्यावर असताना तरी मांस, दारू, तंबाखू नको. पिलामध्येच कोल द ला रेपुब्लिकला त्याचं स्मारक आहे. तो रस्ता मोठा आहे, गाड्या असतात, पण दर्शनाला एकदा जा.

भुसावळची_चाकं

वा, हा माणूस आमच्यातला निघाला. पिला आणि व्हेर्कोर पक्कं. आता अजून दोन-तीन शंका. ट्रेनमध्ये सायकल कशी नेतात, वेगळं तिकीट? दुपारी खायचं काय? आणि कुत्री? आपल्याकडे साकेगावच्या पुढे एक टोळी आहे ती मला नावानिशी ओळखते.

रावेरची_केळी

ताई, लोकल ट्रेनला तिथे टीईआर म्हणतात, त्यात सायकल बहुतेक फुकट, हूक असतात त्याला टांगायची, पण जागा थोड्या म्हणून ऑफिसच्या वेळेला चढू नका. काही गाड्यांना उन्हाळ्यात सायकलचं रिझर्वेशन लागतं, ॲपवर बघून घ्या.

खायचं म्हणाल तर घड्याळ सांभाळा. गावातली दुकानं १२ ला बंद होतात ती २ नंतर उघडतात, रविवारी दुपारी आणि सोमवारी तर कित्येक ठिकाणी दिवसभर शटर. बेकरी सकाळीच गाठून पाव, चीज पिशवीत टाका. सँ-झाँच्या भागात राव्हिओल मिळतात, पास्त्याचे बारीक बारीक चौकोन, आत चीज, तुम्हाला अंडं चालतं म्हणजे प्रश्न नाही. अक्रोड पण तिथलेच, खिशात भरून घ्या. केळी मिळतात पण रावेरच्या माणसाने ती खाऊ नयेत, मन दुखतं. पाण्यासाठी एक युक्ती, स्मशान शोधा. खरंच सांगतोय, तिथे कबरीवरच्या फुलांना पाणी घालायला नळ असतोच आणि प्रत्येक गावाला स्मशान आहे. फक्त ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर प्यायचं नाही.

आणि चढून चढून पाय बोलायला लागले की एक दिवस आर्देशमध्ये दोल्चे व्हियाला जा. आपली पाचोरा–जामनेर पीजे होती ना, तशीच छोटी रेल्वे होती तिथे डोंगरात, ती बंद झाल्यावर रूळ काढून सायकलचा रस्ता केलाय. लिव्ह्रों स्टेशनला उतरून ऱ्होन ओलांडली की ला व्हुल्त, तिथून एरिय नदीच्या काठाने ल शेलारपर्यंत, जुने पूल, बोगदे, चेस्टनटची झाडं. रेल्वेचा चढ म्हणजे कळतच नाही. गाडी शून्य. बराच भाग बारीक खडी दाबून केलेला आहे, त्यामुळे २५ मिलिमीटरचे टायर नको, ३२ किंवा त्याहून रुंद मागा. पीजेच्या रुळावर असं काही सुचलं असतं कुणाला तर, जाऊ द्या.

पाटणादेवी_रायडर

कुत्र्यांचं मी सांगतो. गावात मोकाट कुत्री नाहीत. पण व्हेर्कोरच्या वरच्या कुरणात मेंढरं असतात आणि लांडगे आलेत म्हणून राखणीला पातू नावाची मोठी पांढरी कुत्री. ती मागे लागली तर पळवायची नाही सायकल. उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची, ओरडायचं नाही, कळपाला लांबून वळसा घालून चालत जायचं. ते बघतं, हुंगतं, निघून जातं. साकेगावची आयडिया, दगड उचलण्याची, अजिबात नको.

बीआरएम_धुळे

अजून थोडं राहिलं. गावाबाहेर ओव्हरटेक करताना गाडीवाल्याने दीड मीटर अंतर सोडायचा कायदा आहे आणि बहुतेक पाळतात, मागे शांत थांबतात, हॉर्न नाही. पहिले दोन दिवस त्यानेच दचकायला होतं. अंधारात गावाबाहेर चमकणारं जाकीट सक्तीचं. जूनमध्ये उजेड साडेनऊपर्यंत असतो म्हणून घाई नाही, पण सकाळी पठारावर गार लागतं, उतारासाठी विंडचीटर ठेवा, आपल्या ४५ च्या हिशोबाने जाऊ नका.

चालवायचं उजवीकडून हे माहीत असेलच, पण छोट्या गावात पाटी नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्या गाडीचा हक्क आधी, बोळातून आली तरी. आणि भाड्याची सायकल ताब्यात घेताना ब्रेक दाबून बघा. आपल्याकडे उजवा लिव्हर बहुतेक वेळा पुढच्या चाकाचा, तिथे डावा पुढचा असतो. दुकानदाराला सांगितलं तर बदलून देईल, नाहीतर आधी ऱ्होनच्या काठाने सपाटीवर एक चक्कर मारून हात बसवा, मगच कोल द रुसेच्या उताराला लागा.