होमस्कूलिंग: कायद्याने दर वर्षी हिशेब मागावा का?

मृण्मयी_क
मुलाला घरीच शिकवायचं ठरलं की पालक पुस्तकं, ॲप, वेळापत्रक यांवर काथ्याकूट करतात आणि कायदा सगळ्यात शेवटी बघतात. जर्मनीत प्रत्यक्ष शाळेत जाणंच सक्तीचं. २०१९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही तिथल्या सरकारचीच बाजू उचलून धरली. फ्रान्समध्ये आधी नुसतं कळवून भागायचं, २०२२ पासून परवानगी लागते. अमेरिकेत सगळ्या राज्यांत मुभा, पण पेनसिल्व्हेनियात प्रतिज्ञापत्र, वर्षभराच्या कामाची फाइल आणि मुलाशी बोलून मूल्यमापन. टेक्सासात कळवायचीसुद्धा सक्ती नाही.

मला पेनसिल्व्हेनियाचं पटतं. वर्षातून एकदा तिऱ्हाईत माणूस मुलाशी बोलला, तर कुणाचं स्वातंत्र्य जात नाही.

वाटसरू
जातं की! तपासणारा शाळेचीच फूटपट्टी घेऊन येतो. इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण कायद्याचं कलम ७ बघा: मुलाच्या वयाला, कुवतीला, कलाला साजेसं पूर्णवेळ शिक्षण, शाळेत ‘किंवा अन्य प्रकारे’. राष्ट्रीय अभ्यासक्रमाची सक्ती नाही. शंका आली तर प्रशासनाने जरूर विचारावं, पण सरसकट सगळ्यांनाच संशयित कशाला धरायचं?

मृण्मयी_क
शंका येणार कुणाला? शाळेत मूल सुकलं, अंगावर वळ दिसले, तर निदान बाईंच्या लक्षात येतं.

वाटसरू
तो बालसंरक्षणाचा प्रश्न झाला. शाळेत जाणाऱ्या मुलांनाही घरी मार बसतो.

निळी_शाई
तुमचं चालू द्या, पण नवख्यांसाठी एक सांगते. मूल आधीच शाळेत असेल तर नाव न काढता घरी बसवू नका. हजेरीपटावर गैरहजेरी लागत राहते आणि नोटीस येते, अगदी टेक्सासातही. लेखी पत्र, त्यावर तारीख, आणि शाळेची पोच. तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही. शिवाय टेक्सासात मोकळीक असली तरी वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र शिकवावंच लागतं.

मृण्मयी_क
@वाटसरू, तुम्ही स्वतः फाइल ठेवता?

वाटसरू
ठेवतो. वाचलेल्या पुस्तकांची तारीखवार यादी, गणिताचे कागद, चुकलेलेसुद्धा.

मृण्मयी_क
मग दाखवायला काय हरकत आहे?

वाटसरू
मुलगा उशिरा वाचायला लागला, पण आता पुस्तक खाली ठेवत नाही. त्या वर्षी कुणी फाइल बघितली असती तर ‘शाळेत घाला’ असाच शेरा मारला असता.

मृण्मयी_क
किंवा वाचनाची अडचण आहे का, हे वेळेत तपासलं असतं.