मदत हवी आहे : शेअर केलेल्या शीटमध्ये सॉर्ट मारला आणि हीट नंबर इकडचे तिकडे झाले

नमस्कार मंडळी, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मी क्वालिटीला आहे. आमचं हीट रजिस्टर (हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला लोखंडाचा लॉट, प्रत्येकाला नंबर असतो) आधी वहीत असायचं, मग एक्सेल झालं आणि ती फाईल व्हॉट्सॲपवर फिरायला लागली, फायनल, फायनल 2, फायनल नवीन, त्यातली खरी कुठली कुणालाच कळायचं नाही म्हणून यंदा गूगल शीट केली. मेल्टिंग, फेटलिंग (ओतलेला माल साफ करणारे), डिस्पॅच मिळून नऊ जण त्यातच भरतोय, फर्नेसवरची पोरं मोबाईलवरनंच भरतात.

परवा सेकंड शिफ्टला कुणीतरी नुसता हीट नंबरचा कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट मारला. नंबर हलले, बाकीचे कॉलम जागेवरच. सकाळी मालात कुठला घटक किती ते सांगणारं सर्टिफिकेट काढायला बसले तर साध्या ग्रे आयर्नच्या हीटसमोर मॅग्नेशियम 0.04! ते एसजी आयर्नमध्ये, म्हणजे वेगळ्या जातीच्या ओतीव लोखंडात असतं, म्हणून डोळ्यात भरलं, नाहीतर चुकीचं सर्टिफिकेट घेऊन गाडी गेली असती. अजून हात थरथरतोय. परत वहीवर जायचं नाहीये, पण हे थांबवायचं कसं? आणि त्यानंतर भरलेल्या तीस-एक ओळी न घालवता जुनं परत कसं आणायचं? सांगा की कुणीतरी.

रंकाळाकाठ : ताई, आधी घाई करून रिस्टोअर दाबू नका, अख्खी शीट मागं जाते. फाईल मेनूत व्हर्जन हिस्टरी उघडा, सॉर्टच्या आधीची वेळ शोधा आणि त्या व्हर्जनची कॉपी काढा. त्यातनं बरोबर ओळी उचलून चालू शीटमध्ये पेस्ट करा, नवीन एंट्र्या जागच्या जागी राहतील. पुढं सॉर्ट कुणालाही लागलं तर डेटा मेनूतला फिल्टर व्ह्यू वापरायला लावा, ज्यानं लावलाय तो आपल्यापुरता बघतो, मूळ ओळी हलत नाहीत. आमच्या ऑफिसात हे समजल्यापासनं भांडणंच मिटली.

गोकुळ शिरगाव : त्याच्या जोडीला प्रोटेक्ट रेंज लावा. चेक झालेल्या ओळी रोज सकाळी लॉक करायच्या, एडिटचा हक्क फक्त तुमच्याकडं. ज्याला हक्क नाही त्याला तिथं सॉर्टपण मारता येत नाही. आणि सेलवर राईट क्लिक करून एडिट हिस्टरी बघा, कुणी काय बदललं ते दिसतं, मात्र सगळे एकाच लॉगिननं भरत असतील तर त्याचा उपयोग नाही, प्रत्येकाला वेगळा ॲक्सेस द्या. डिस्पॅचवाल्यांना नुसतं बघायचं असेल तर व्ह्यूअरच ठेवा. अजून एक, शीट कुणाच्या जीमेलवर आहे?

मनापासून आभार दोघांचे. कॉपी काढून सगळ्या हीट जुळवल्या, स्पेक्ट्रोच्या (धातूतले घटक मोजणाऱ्या मशीनच्या) प्रिंटशी एक एक ताडून बघितली, आता बरोबर आहे. लॉकपण लावले, पोरांना जेवणाच्या सुट्टीत फिल्टर व्ह्यू दाखवला. पण शीट निघाली काम सोडून गेलेल्या पोराच्या जीमेलवर. त्यानं खातं बंद केलं तर?

गोकुळ शिरगाव : शीटपण जाईल. शेअरच्या खिडकीतनं त्यालाच मालकी तुमच्या नावावर द्यायला सांगा, तुम्हाला विनंती येईल ती ॲक्सेप्ट करा. नुसती कॉपी मारून भागवू नका, तिच्यात जुनी हिस्टरी येत नाही.

फोन लावला, संध्याकाळी घरी गेल्यावर करतो म्हणालाय. झालं की इथं कळवते.